टीएसएच म्हणजे काय? थायरॉईडच्या रिपोर्टवरचा हा आकडा मोजायला कसा शिकलो आणि तो वाचायचा कसा

लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. पहिली दोन पानं भराभर स्क्रोल होतात आणि एका ओळीवर अंगठा थांबतो. टीएसएच, त्यापुढे ठळक अक्षरांत आकडा आणि शेजारी वर जाणारा बाण. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची असते. तोवर गूगल, यूट्यूब आणि सोसायटीतल्या काकू असे तीन तज्ज्ञ कामाला लागतात. कोणी कोबी बंद करायला सांगतं, कोणी सैंधव मीठ सुरू करायला सांगतं, कोणी "आता गोळी जन्मभर" असं सांगून मोकळं होतं.

असा रिपोर्ट येणारे लोक भारतात थोडेथोडके नाहीत. मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकाता यांसह देशातल्या आठ ठिकाणी ५,३७६ प्रौढांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड मंदावलेली, म्हणजे हायपोथायरॉईड, आढळली. दर नऊ जणांमागे एक.

पण हा आकडा नक्की कशाचा आहे? तो मोजतात कसा? आणि बाण वर गेला की आजार झाला, असं समजायचं का?

मुकादम किती ओरडतोय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हटलेलं असतं. जेवणातलं आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचं हॉर्मोन बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. तीन अणूंचं ते टी-३. शरीरातल्या पेशींनी किती वेगाने ऊर्जा वापरायची, हृदय किती जोरात चालायचं, आतडी किती हलायची, बाळाचा मेंदू कसा वाढायचा, या सगळ्यात या हॉर्मोनचा हात असतो.

टीएसएच मात्र थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. थायरॉईड स्टिम्युलेटिंग हॉर्मोन, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन.

बांधकामाच्या साइटवरचा मुकादम आठवा. कामगार नीट काम करत असेल तर मुकादम अधूनमधून एखादा आवाज देतो. कामगार ढिला पडला की तो ओरडायला लागतो. कामगार गरजेपेक्षा जास्तच काम करत सुटला की मुकादम गप्प बसतो. पिट्युटरी हा मुकादम, थायरॉईड हा कामगार आणि टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. रिपोर्टवर टीएसएच वाढलेलं दिसतं तेव्हा खरं तर थायरॉईडचं काम कमी पडत असतं. बाण वर आणि ग्रंथी खाली, असा हा उलटा हिशेब आहे. "माझा थायरॉईड वाढलाय" हे वाक्य म्हणूनच इतका घोळ घालतं.

हा मुकादम हळवाही आहे. रक्तातलं टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते जवळपास शंभरपट वाढू शकतं. त्यामुळे थायरॉईडची थोडीशी कुरबूरही टी-४ च्या आधी टीएसएचमध्ये दिसते. डॉक्टर पहिली तपासणी म्हणून टीएसएच लिहून देतात ते यासाठीच.

एक अडचण मात्र आहे. मुकादमच आजारी असेल तर? पिट्युटरीला इजा झाली असेल, तिथे गाठ असेल, तर थायरॉईड मंद असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसू शकतं. हे क्वचित घडतं, पण अशा रुग्णात नुसत्या टीएसएचवर विसंबलं तर आजार हातातून निसटतो. मग टी-४ बघावंच लागतं.

आकडा नव्हता तेव्हा

थायरॉईड मंदावली की काय होतं, हे डॉक्टरांना कळलं ते एका यशस्वी ऑपरेशनच्या वाईट परिणामातून. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात गलगंड घरोघरी होता. बर्न शहरातले सर्जन थिओडोर कोखर ही ग्रंथी काढण्यात इतके तरबेज झाले, की एकेकाळी जीवघेणं मानलं जाणारं ऑपरेशन सुरक्षित झालं. पण पूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून पाहिलं, तेव्हा अनेकांची अवस्था बिकट होती. चेहरा सुजलेला, हालचाल मंद, बुद्धी मंदावलेली, मुलं असतील तर वाढ खुंटलेली. कोखर यांनी हे १८८३ मध्ये जाहीरपणे मांडलं आणि पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे ग्रंथीतून काहीतरी रक्तात जात होतं. ते बाहेरून देता येईल का? इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढला आणि ४६ वर्षांच्या एका बाईला कातडीखाली टोचला. ती थकलेली होती, तिला सतत थंडी वाजायची, चेहरा सुजला होता. काही आठवड्यांत तिच्यात फरक पडला. पुढची २८ वर्षं ती हा अर्क घेत जगली आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. तोवर तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या होत्या.

"हॉर्मोन" हा शब्द तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. तो लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला, ग्रीक भाषेतल्या "चालना देणे" या अर्थाच्या क्रियापदावरून. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक मिळवले. पुढे जवळपास तीन टन डुकरांच्या थायरॉईडमधून त्यांच्या हाती लागलं ३३ ग्रॅम. साधारण दोन मोठे चमचे.

इथेच खरी अडचण लक्षात येते. ग्रंथीतच हॉर्मोन इतकं कमी, तर रक्तात किती असेल? रक्तातलं बहुतेक टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतं. पेशींच्या कामाचं असलेलं मोकळं टी-४ एका लीटरमध्ये ग्रॅमच्या साधारण दहा कोटीव्या भागाएवढं असतं. साखर, मीठ, युरिया मोजायच्या रासायनिक पद्धती इथे उपयोगाच्या नव्हत्या. डॉक्टर रुग्णाच्या नाडीवरून, कातडीवरून, श्वासात किती ऑक्सिजन खर्च होतो त्यावरून अंदाज बांधत. अर्क किती द्यायचा तेही असंच. कमी झाला तर रुग्ण सुस्त, जास्त झाला तर छातीत धडधड.

झाडूवाल्याच्या खोलीतली प्रयोगशाळा

हे कोडं सुटलं न्यूयॉर्कमध्ये, आणि तेही थायरॉईड नव्हे तर डायबिटीसवर काम करताना.

रोझलिन यॅलो या १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मल्या. घर साध्या ज्यू कुटुंबाचं. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण ज्यू आणि त्यात मुलगी, अशा दोन्ही कारणांनी दारं बंद होती. दुसऱ्या महायुद्धामुळे मुलं सैन्यात गेली आणि इलिनॉय विद्यापीठात जागा रिकाम्या झाल्या. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ४०० जणांच्या अध्यापक वर्गात यॅलो एकट्या बाई होत्या. १९४५ मध्ये पीएचडी घेऊन त्या परतल्या आणि १९४७ पासून ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये किरणोत्सर्गी पदार्थांवर काम करू लागल्या. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती झाडू-बादल्या ठेवायची खोली. उपकरणंही बरीचशी त्यांनी स्वतःच जुळवली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. बर्सनना शरीर कळत होतं, यॅलोंना गणित आणि भौतिकशास्त्र. पुढची बावीस वर्षं ही जोडी टिकली.

त्या काळात एक मत असं होतं, की मोठ्या वयात होणाऱ्या डायबिटीसमध्ये इन्सुलिन तयार होतं, पण शरीर ते फार लवकर नष्ट करतं. यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिनला किरणोत्सर्गी आयोडीन जोडलं, ते माणसांना टोचलं आणि किती वेळात नाहीसं होतं ते मोजलं. निकाल उलटाच लागला. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. कोणीतरी त्याला धरून ठेवत होतं.

धरून ठेवणाऱ्या होत्या अँटीबॉडी. रोगजंतू शरीरात आला की त्याला पकडायला रक्तात जी प्रथिनं तयार होतात, ती. तेव्हा रुग्णांना गाई-डुकरांचं इन्सुलिन दिलं जायचं आणि शरीर त्याला परकं समजून अँटीबॉडी बनवत होतं. पण इन्सुलिनचा रेणू इतका छोटा, की त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊच शकत नाहीत, असं तेव्हाचे तज्ज्ञ ठामपणे मानत. पेपर परत आला. अखेर १९५६ मध्ये तो छापला गेला, पण शीर्षकातून "इन्सुलिन अँटीबॉडी" हे शब्द काढून टाकायची तडजोड करावी लागली. यॅलोंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि २१ वर्षांनी नोबेलच्या व्याख्यानात सगळ्यांना दाखवलं. हिशेब चुकता करण्याची याहून सभ्य पद्धत क्वचितच सापडेल.

एसटीतली चाळीस सीटं

या अँटीबॉडीच मोजमापाचं साधन होऊ शकतात, हे त्या दोघांच्या लक्षात आलं.

एसटी स्टँडवर गाडी लागली आहे. सीटं चाळीस. लाल टोपी घातलेले चाळीस प्रवासी उभे आहेत. दुसरं कोणी नसेल तर चाळीसही सीटांवर लाल टोप्या दिसतील. आता बिनटोपीचे आणखी चाळीस प्रवासी आले आणि सगळे एकदम चढले, तर साधारण वीस सीटांवर लाल टोप्या असतील. बिनटोपीचे १२० आले तर दहाच. म्हणजे बिनटोपीचे लोक एकेक करून मोजायची गरजच नाही. बसलेल्या लाल टोप्या मोजल्या की बाहेरून किती गर्दी आली होती ते कळतं.

सीटं म्हणजे अँटीबॉडी. लाल टोपीवाले म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेलं हॉर्मोन, ज्याचं प्रमाण आपल्याला आधीच माहीत असतं. बिनटोपीचे म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं हॉर्मोन. किरणोत्सर्ग यंत्रावर मोजता येतो, त्यामुळे अगदी नगण्य प्रमाणही पकडीत येतं. या पद्धतीचं नाव रेडिओइम्युनोॲसे, थोडक्यात आरआयए. माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन अशा रीतीने मोजल्याचं त्यांनी १९५९ आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास लंडनमध्ये रॉजर एकिन्स यांनी स्वतंत्रपणे जवळपास याच तत्त्वावर थायरॉक्सिन मोजून दाखवलं होतं.

पहिला धक्का डायबिटीसनेच दिला. मोठ्या वयात डायबिटीस झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. शरीर त्याला दाद देत नव्हतं, एवढंच. आज "इन्सुलिन रेझिस्टन्स" हा शब्द प्रत्येक डाएट रीलमध्ये ऐकू येतो, त्याचा मोजता येणारा पुरावा असा मिळाला.

यॅलो आणि बर्सन यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. शिकायला येणाऱ्यांना त्यांनी ती शिकवली. वाढीचं हॉर्मोन, गरोदरपणातली हॉर्मोन, कॉर्टिसॉल, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून टीएसएच, एकामागून एक सगळं मोजता येऊ लागलं. बर्सन १९७२ मध्ये अचानक वारले. १९७७ मध्ये यॅलोंना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच महिला. मृत व्यक्तीला नोबेल देत नाहीत, त्यामुळे बर्सन यांचं नाव यादीत नव्हतं. यॅलोंनी मात्र आपल्या प्रयोगशाळेला आधीच त्यांचं नाव देऊन घेतलं होतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक पेपरवर पत्त्याच्या ओळीत का होईना, बर्सन छापले जात राहिले.

भारतात ही पद्धत रुजवण्यात मुंबईचा वाटा मोठा. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. किरणोत्सर्गी आयोडीन वापरून थायरॉईडची तपासणी आणि उपचार हे तिथलं महत्त्वाचं काम. पुढे टी-३, टी-४ आणि टीएसएच मोजायचे आरआयए किट देशातच तयार होऊ लागले. अणुऊर्जा विभाग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोखरण येतं. थायरॉईडचा रिपोर्ट येत नाही, पण संबंध आहे.

आजच्या बहुतेक लॅबमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ राहिलेले नाहीत. त्यांच्या जागी प्रकाश देणारी रसायनं आली. १९७५ मध्ये एकाच साच्यातल्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची पद्धत सापडली आणि मग टीएसएचला दोन्ही बाजूंनी दोन अँटीबॉडींमध्ये सँडविचसारखं पकडता येऊ लागलं. सुरुवातीच्या टीएसएच चाचण्या "नॉर्मल" आणि "खूप कमी" यांत फरकच करू शकत नव्हत्या. आताच्या चाचण्या ०.०१ पर्यंतचा आकडा सांगतात. त्यामुळे जास्त चालणारी थायरॉईडही याच एका चाचणीत कळते.

मिठाच्या पुडीतला प्रयोग

आकडा का बिघडतो, याचं भारतातलं जुनं उत्तर होतं आयोडीनची कमतरता. हिमालयाच्या उतारावरच्या मातीतलं आयोडीन पाऊस आणि बर्फ धुऊन नेतात. ते तिथल्या पिकात उतरत नाही, जेवणातही येत नाही. मुकादम ओरडत राहतो, ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात एक साधा पण प्रचंड प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख लोकवस्तीचा भाग तीन विभागांत वाटला. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधं मीठ. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांत मुलांमधलं गलगंडाचं प्रमाण ठळकपणे घटलं, साध्या मिठाच्या विभागात तसं घडलं नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं गेलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हे फक्त दिसणारं टोक आहे, खरी हानी गर्भातल्या मेंदूची होते, हे कळल्यावर १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदलून त्यात "आयोडीन न्यूनता विकार" हे शब्द आले.

सैंधव मिठाचा प्रश्न इथे येतो. उपवासाला चिमूटभर खाणं वेगळं. पण "नैसर्गिक आहे, थायरॉईडला चांगलं" म्हणून रोजच्या स्वयंपाकातून आयोडीनचं मीठ काढून टाकणं म्हणजे कांगड्यातल्या तिसऱ्या विभागात स्वतःहून राहायला जाणं. गरोदर बाई घरात असेल तर ही फॅशन महागात पडू शकते.

आज आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांत थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून नाव हाशिमोतो थायरॉयडायटिस. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त दिसतो. डॉक्टर "अँटी-टीपीओ" चाचणी लिहून देतात ती याच हल्ल्याच्या खुणा शोधायला.

बाण वर आहे, मग आजार आहे का?

रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली रेंज बहुधा ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आसपास असते. ती निसर्गाने आखलेली रेघ नाही. निरोगी लोकांचे नमुने घ्यायचे, मधले ९५ टक्के आकडे जिथे बसतात ती रेंज धरायची, अशी ती ठरते. म्हणजे व्याख्येनुसारच दर वीस निरोगी माणसांमागे एकाचा आकडा रेंजबाहेर जाणार. यंत्र ४.५१ ला बाण लावतं आणि ४.४९ ला लावत नाही, पण या दोन माणसांच्या तब्येतीत काहीच फरक नसतो. वय वाढेल तसा टीएसएच थोडा वर सरकतो. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत तो खाली येतो, म्हणून गरोदर बाईचा रिपोर्ट नेहमीच्या रेंजवर वाचायचा नसतो.

वेळेचाही परिणाम होतो. टीएसएच रात्री सर्वांत जास्त आणि दुपारनंतर सर्वांत कमी असतो. एकदा सकाळी उपाशीपोटी आणि पुढच्या वेळी ऑफिसातून येताना रक्त दिलं, तर मधल्या फरकाचं श्रेय उगाच कुठल्यातरी काढ्याला जाऊ शकतं. उपाशी राहण्याची सक्ती नसते, पण दर वेळी एकाच सुमाराला नमुना दिलेला बरा. मोठ्या आजारपणात किंवा त्यातून उठताना केलेली चाचणीही फसवी असते.

सर्वांत मोठा गोंधळ मधल्या पट्ट्यात आहे. टीएसएच थोडा वाढलेला, साधारण १० च्या आत, पण टी-४ नॉर्मल. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईड म्हणतात. माणूस थकलेला असतो, आकड्याला बाण असतो, मग दोन्हींचा संबंध लावून गोळी सुरू होते. पण थकवा रक्त कमी असल्याने, झोप नसल्याने, रोजच्या चार तासांच्या लोकल प्रवासानेही येतो. ट्रस्ट नावाच्या युरोपातल्या अभ्यासात ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या अशा ७३७ लोकांपैकी काहींना थायरॉक्सिन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१७ मध्ये निकाल आला. गोळीने टीएसएच खाली आला, थकवा आणि बाकीच्या त्रासात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. आकडा सुधारला, माणूस होता तिथेच राहिला.

याचा अर्थ गोळीच नको असा नाही. टीएसएच १० च्या वर असेल, टी-४ कमी असेल, बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल, तर गणित पूर्ण बदलतं. गर्भाची स्वतःची थायरॉईड पहिल्या तीनेक महिन्यांत कामाला लागलेली नसते, तोवर त्याचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर वाढतो. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने "गरोदरपणात औषधं नकोत" म्हणून ती परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. उलट अशा वेळी डोस बहुधा वाढवावा लागतो.

बायोटिनचा घोळ तर खास सोशल मीडियाच्या जमान्यातला. केस दाट व्हावेत म्हणून रीलमध्ये सुचवलेल्या गोळ्या-गमीजमध्ये हे जीवनसत्त्व बरेचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे काही शे पट झालं. आता अनेक लॅब यंत्रांत अँटीबॉडीला धरून ठेवायला बायोटिनचाच "गोंद" म्हणून वापर होतो. रक्तात आधीच बायोटिन भरपूर असेल तर हा गोंद नीट लागत नाही. मग टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. कागदावर थायरॉईड जोरात चालणारा रुग्ण तयार होतो, प्रत्यक्षात ग्रंथीला काहीही झालेलं नसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. चाचणीच्या किमान दोन दिवस आधी अशा गोळ्या बंद ठेवतात, आणि लॅबला व डॉक्टरांना त्याबद्दल सांगणं महत्त्वाचं. विचारतं क्वचितच कोणी.

थायरॉक्सिनची गोळी सुरू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासाठी अर्धा ते एक तास थांबायचं. मराठी घरात ही अट पाळणं किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको, पण चहा-कॉफीने गोळी कमी शोषली जाऊ शकते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये तर चार तासांचं अंतर हवं. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा चाचणी करण्यात पैसे वाया जातात. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात आणि मुकादमाचा आवाज स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे.

टाचेतला एक थेंब

मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर वाद घालता येतो, थांबता येतं, दोन महिन्यांनी पुन्हा बघता येतं. नवजात बाळाच्या बाबतीत ती मुभा नाही.

काही बाळं थायरॉईड ग्रंथीविना किंवा नीट काम न करणाऱ्या ग्रंथीसह जन्मतात. आईचं थायरॉक्सिन वारेतून मिळालेलं असल्याने जन्मतः बाळ बहुधा ठणठणीत दिसतं. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरं रडणं, जाडसर जीभ, फुगलेली बेंबी ही लक्षणं सावकाश येतात. "शांत बाळ आहे, झोपतं खूप" असं घरात कौतुक चाललेलं असतं. लक्षणांवरून निदान होईपर्यंत मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात. ही तीच स्वस्त गोळी, चुरडून आईच्या दुधात किंवा पाण्यात दिलेली.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डॉ. जाँ द्युसो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यॅलो-बर्सन यांचीच पद्धत वापरून, टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून हा आजार शोधून दाखवला. त्यानंतर अनेक देशांनी प्रत्येक बाळाची तपासणी सुरू केली. जगात साधारण ३,००० ते ४,००० बाळांमागे एकाला हा आजार आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांवर एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा प्रमाण निघालं १,१३० मागे एक.

तरीही देशभर प्रत्येक बाळाची सक्तीने तपासणी होईल, असा कार्यक्रम भारतात नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू करून वाट दाखवली होती. केरळसारख्या काही राज्यांनीही पावलं उचलली. बाकी ठिकाणी सगळं हॉस्पिटलवर आणि आईवडिलांना माहिती असण्यावर अवलंबून. खासगी मोठ्या रुग्णालयात ही चाचणी पॅकेजमध्येच असते, तालुक्याच्या ठिकाणी तिचं नावही निघत नाही. बापाच्या वार्षिक "फुल बॉडी चेकअप"मध्ये टीएसएच न चुकता असतो आणि जिथे तो सर्वांत जास्त उपयोगाचा, तिथे नसतो, असं उलटं चित्र आहे.

जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी बाळाचा टीएसएच आपोआपच उसळतो, म्हणून टाचेतून रक्त बहुधा ४८ तासांनंतर घेतात. काही ठिकाणी नाळेतल्या रक्तावर चाचणी होते. बाळांसाठी रेंज वेगळी असते, मोठ्यांच्या ४.५ शी तिची तुलना करायची नाही. आकडा जास्त आला तर लगेच शिरेतल्या रक्तावर टी-४ आणि टीएसएच पुन्हा करून खात्री केली जाते. आजार कायमचा की तात्पुरता, हे बरेचदा मूल तीन वर्षांचं झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. डिस्चार्जच्या कागदांवर "न्यूबॉर्न स्क्रीनिंग" किंवा "टीएसएच" अशी नोंद नसेल, तर चाचणी झाली नाही असं धरून घरी जायच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना विचारता येतं.